लेन्समधली बुरशी दर श्रावणात परत का येत होती

आधी लक्षण सांगते. जुनी लेन्स उघडली, आतली काच पुसून लख्ख केली, उन्हाळाभर फोटो छान आले. मग मृग लागला, आषाढ सरला, आणि श्रावणात एका संध्याकाळी सहज टॉर्च मारून पाहिलं तर त्याच काचेच्या कडेला तेच बारीक पांढरं जाळं. पुन्हा उघडा, पुन्हा पुसा, पुढच्या श्रावणात पुन्हा तेच. साताऱ्यात जुन्या लेन्स वापरणाऱ्या दोघातिघांशी बोलले. सगळ्यांची तक्रार हीच, आणि निष्कर्षही एकच: एकदा बुरशी शिरली की लेन्स गेली. मला ते कधीच पटलं नाही. माझी लेन्स मी तीनदा उघडली. दोनदा बुरशी परत आली, तिसऱ्यांदा आली नाही. या तीन खेपांमध्ये काय वेगळं झालं ते सविस्तर लिहिते.

लेन्स आहे हेलिओस ४४-२, ५८ मिमी, एफ/२. माझ्या मामांच्या झेनिट-ई कॅमेऱ्यावरची. सोव्हिएत बनावटीची ही लेन्स कार्ल झाइसच्या बायोटारच्या रचनेवर बेतलेली आहे. सहा काचा चार गटांत, म्हणजे दोन एकेरी काचा आणि दोन जोडकाचा (दोन काचा एकमेकींना चिकटवलेल्या), मध्ये उजेड कमी-जास्त करणारं आठ पात्यांचं अपर्चर. शिकायला याहून चांगली लेन्स मिळणार नाही, कारण तिच्यात वीज नाही, कॅमेऱ्याला जोडणारी नाजूक दांडी नाही, अपर्चर हाताने आधी ठरवून फिरवायचं. शिवाय पूर्ण उघड्या अपर्चरवर मागची झाडी गरगर फिरल्यासारखी दिसते, त्यासाठी लोक आजही ही लेन्स शोधत असतात.

मामांचं घर सांगलीच्या गावभागात. ऑगस्ट २०१९ च्या पुरात खालचा मजला पाण्यात होता. कॅमेरा वर माळ्यावर होता, त्याला पाण्याचा थेंब लागला नाही. पण पाणी उतरल्यावरही भिंतींची ओल किती तरी दिवस हटली नव्हती, आणि तेवढं पुरलं. सांगलीत पाऊस तसा बेताचाच. तिथली माणसं पाणी नदीकडून येतं म्हणून ओळखतात, आणि वस्तू भिजली नाही म्हणजे वाचली असं धरून चालतात. बुरशीला मात्र पाणी लागत नाही, दमट हवा पुरते. आर्द्रता पासष्ट-सत्तर टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की बीजाणू रुजतात, आणि बीजाणू हवेत सगळीकडेच असतात. मामांनी २०२२ मध्ये लेन्स माझ्या हातात ठेवली तेव्हा समोरच्या काचेत बघवत नव्हतं.

उघडण्याआधी: हे नक्की काय आहे?

खोलीत अंधार करा. लेन्सची दोन्ही झाकणं काढा, अपर्चर पूर्ण उघडा, मोबाईलचा टॉर्च मागून थोडा तिरका मारा. सरळ मारलात तर डोळे दिपतात आणि काही कळत नाही.

फांद्या फुटलेले धागे दिसले, कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा झाडाच्या मुळांसारखे, तर ती बुरशी. सगळीकडे सारखं पसरलेलं दुधट मळभ दिसलं तर तो बहुधा तेलाचा थर, फोकसच्या ग्रीसमधून उडून काचेवर बसलेला. कडेकडून आत सरकणारा, इंद्रधनुष्यासारखे रंग दाखवणारा डाग असेल तर दोन काचा चिकटवणारा डिंक सुटतोय. ते पुसून जात नाही, त्यासाठी उघडू नका. काचेच्या पोटात एखाददुसरा बुडबुडा असला तर तो कारखान्यातूनच आलेला आहे, त्याने फोटोला काही होत नाही. आणि संपूर्ण काच चहासारखी पिवळट असेल, जशी सात काचांच्या सुपर-टाकुमार ५० मिमी एफ/१.४ मध्ये होते, तर तो मळ नाही. त्या काचेत थोरियम असतं आणि वर्षांनुवर्षांत ती पिवळी पडते.

आता डाग कोणत्या काचेवर आहे ते शोधा. पहिल्या खेपेला मी इथेच चुकले, म्हणून थोडी थांबून सांगते. अपर्चर अर्धं बंद करा आणि नजर पात्यांवर स्थिर करा. लेन्स हळूच डावी-उजवीकडे कलवा. पात्यांच्या अलीकडचा डाग एका बाजूला सरकतो, पलीकडचा उलट बाजूला. मग लेन्स उलटी धरून मागच्या बाजूने हेच करा. हेलिओसमध्ये चार गट आहेत, म्हणजे हवेला उघड्या आठ बाजू. मी कागदावर एक ते आठ आकडे लिहून प्रत्येकापुढे काय दिसलं ते मांडते. मधल्या दोन, चार आणि पाच, पात्यांना तोंड करून असतात. त्यांच्याकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या.

पहिली खेप, ऑगस्ट २०२२

पुढची नाव कोरलेली रिंग रबर दाबून फिरवली, सुटली. पुढची काच काढली, तिच्या आतल्या बाजूला जाळं होतं, पुसलं. त्यामागचा जोडकाचेचा गट काढला, त्याची पुढची बाजू पुसली. टॉर्च मारला, समोरून स्वच्छ दिसलं, बंद केली. एकूण वेळ चाळीस मिनिटं. मला फार आनंद झाला होता.

पुढच्या श्रावणात बुरशी परत आली. आता कळतं की आठपैकी चारच बाजू मी नीट बघितल्या होत्या. मागच्या गटावरचे बारीक धागे समोरून दिसतच नव्हते. आणि मी लेन्स उघडली होती भर पावसाळ्यात, हवेत पाणी भरलेलं असताना. ती बंद करताना तीच हवा आत कोंडली.

म्हणून आता पहिला नियम माझ्यापुरता पक्का आहे: मृगापासून दिवाळीपर्यंत लेन्स उघडायची नाही. त्या काळात जाळं दिसलं तर लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर (ओलावा शोषणारे दाणे) ठेवून वाढ थांबवायची आणि मार्गशीर्षाची वाट बघायची. साताऱ्यात डिसेंबर-जानेवारीच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की ओठ फुटतात. लेन्स उघडायला तेच दिवस चांगले.

दुसरी खेप, सप्टेंबर २०२३

वरचा नियम तेव्हा अजून उमगायचा होता, त्यामुळे ही खेपही पावसाळ्यातच झाली. पण या वेळी आठही बाजू पुसल्या आणि हायड्रोजन पेरॉक्साइड वापरलं. जानेवारीपर्यंत सगळं नीट होतं. मग चार आणि पाच क्रमांकाच्या बाजूंवर मळभ आलं, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्या मळभावरच जाळं.

याचं कारण मला पात्या निरखून बघितल्यावर कळलं. पात्यांवर तेल होतं. अपर्चर पूर्ण बंद केलं की आठही पात्या ओल्या दिसत, कडेला काळपट ओशट रेघ. फोकसच्या आट्यांमधलं जुनं ग्रीस उन्हाळ्यात पातळ होतं, त्यातलं तेल सुटून पात्यांवर पसरतं, आणि तिथून हळूहळू उडून समोरच्या काचेवर बसतं. बुरशीला खायला लागतं ते हेच: तेल, धूळ, बोटाचा घाम. मी काच पुसत होते आणि पात्यांवरचं तेल तसंच ठेवत होते. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, अशातली गत.

तिसरी खेप, डिसेंबर २०२४: हीच पद्धत मी सुचवेन

सामान आधी गोळा करा. दोन टोकांचा लेन्स स्पॅनर, किंवा रिंगेत खाचा नसतील तर योग्य मापाचं रबरी बूच. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गोल डबीच्या तोंडावर ताणून बसवला तरी चालतो. घड्याळ दुरुस्त करणारे वापरतात ते बारीक स्क्रूड्रायव्हर. जपानी लेन्स असेल तर स्क्रूच्या डोक्याकडे नीट बघा. तो आपल्या नेहमीच्या चौफुली स्क्रूसारखा दिसतो, पण खाच वेगळी असते, आणि साधा ड्रायव्हर घसरून डोकं खातो. हाताने दाबायचा ब्लोअर, लेन्स टिशू, कापसाच्या काड्या, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, लायटरमध्ये भरायचं फ्लुइड, आणि मेडिकलमध्ये मिळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड. आपल्याकडे पेरॉक्साइड बहुतेक सहा टक्क्यांचं मिळतं, त्यात तेवढंच डिस्टिल्ड वॉटर घातलं की तीन टक्के होतं. ताजी बाटली घ्या, उजेडात राहिलेल्याचा जोर जातो.

सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीन असतं आणि काचेवर थर राहतो. नेलपॉलिश रिमूव्हर काचेच्या कडेचा काळा रंग काढून टाकतो. तो रंग गेला की आत उजेड परावर्तित होऊन फोटो फिकट येतात. टूथपेस्टने काच घासा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, काचेवरची जुनी कोटिंग, म्हणजे चकाकी कमी करणारा पातळ थर, मऊ असते. कोल्ड क्रीमने बुरशी निघते हे खरं, पण तिचा अंश मागे राहिला तर तुम्ही बुरशीला पुन्हा जेवायलाच वाढलंत.

टेबलावर पांढरा टॉवेल अंथरा, पंखा बंद करा, हात धुऊन कोरडे करा. प्रत्येक भाग काढायच्या आधी आणि काढल्यावर मोबाईलवर फोटो घ्या. काच बाहेर आली की तिच्या कडेवर पेन्सिलीने बाण करा, पुढची बाजू कुठली ते दाखवणारा. हेलिओसमधल्या काचांच्या दोन्ही बाजू सारख्या फुगीर किंवा पोकळ नाहीत. एकच उलटी बसली तर फोटो धड स्पष्ट येत नाही, आणि मग दोष कुठे आहे ते शोधता शोधता संध्याकाळ होते.

स्पॅनरची टोकं काचेवरून घसरू शकतात. माझी पहिल्या वर्षी घसरली होती. सुदैवाने ओरखडा रिंगेवर गेला, काचेवर नाही. तेव्हापासून मी काचेवर जाड कागदाची गोल चकती ठेवून मगच स्पॅनर लावते. रिंग हलत नसेल तर जोर वाढवू नका. आट्यांवर सुईच्या टोकाने अल्कोहोलचा एक थेंब सोडा, दहा मिनिटं थांबा, हेअर ड्रायरने कोमट करा, पुन्हा बघा. दोन दिवस लागले तरी चालतील. हेलिओस एकाहून जास्त कारखान्यांत बनायची आणि बारकाव्यांत फरक आहेत, त्यामुळे तुमच्या लेन्समध्ये रिंग माझ्यासारखी नसली तर आधी नुसतं बघा. मागचा गट मागच्या बाजूने आट्यांवरून फिरवून सगळाच्या सगळा बाहेर येतो.

काच साफ करायचा क्रम असा. आधी ब्लोअरने धूळ उडवा, नाहीतर तीच धूळ काचेवर घासली जाते. मग टिशूला पेरॉक्साइड लावून तो ओला टिशू काचेवर दहा-पंधरा मिनिटं नुसता ठेवून द्या. घासायचं नाही. बुरशी मरायला वेळ लागतो, आणि हा वेळ न देता पुसलं तर जाळं दिसेनासं होतं पण बीजाणू राहतात. एकेरी काच सरळ वाटीत बुडवली तरी चालते. जोडकाच मात्र कधीही बुडवू नका, कडेने पाणी डिंकात शिरतं. मग डिस्टिल्ड वॉटरचा टिशू, मग अल्कोहोलचा टिशू मधून कडेकडे गोल फिरवत, प्रत्येक वेळी नवा. शेवटी काच तिरकी धरून तिच्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. रेघ तुटक दिसली तर अजून थर आहे.

इतकं करूनही पानाच्या शिरांसारखी पुसट खूण राहिली तर ती बुरशी नाही. बुरशी आम्ल सोडते, त्याने कोटिंग खाल्लं गेलेलं असतं. ते भरून येत नाही. माझ्या सहाव्या बाजूला असा एक ठसा आहे, नखाएवढा. सूर्य समोर असला तर त्या भागात फोटो किंचित उजळतो, एरवी कळतही नाही. हा ठसा घासायला जाऊ नका.

आता पात्या. त्या सुट्या करायच्या नाहीत. कागदासारख्या पातळ आठ पात्या परत बसवणं हे वेगळं कसब आहे. दोन्हीकडचे काचेचे गट काढलेले असताना पात्या बंद करा, कापसाच्या काडीने लायटरचं फ्लुइड लावा, रिंग पाच-सहा वेळा उघड-बंद करा, कोरड्या काडीने टिपा. काडी काळी येते. मला नऊ वेळा करावं लागलं, तेव्हा कुठे काडी पांढरी आली. खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळपास गॅस, उदबत्ती काही पेटतं नको. पुरतं वाळल्यावर, म्हणजे निदान तासाभराने, काचा बसवा.

काचांच्या बैठका आणि रिंगांचे आटेही पुसायचे, हे बहुतेकांना सुचत नाही. मलाही दोन खेपा सुचलं नव्हतं. काच बाहेर काढल्यावर ती जिथे टेकते त्या धातूच्या कडेवर टॉर्च मारा. माझ्या लेन्समध्ये तिथे पांढुरका कापसासारखा पुंजका होता, रिंगेच्या सावलीत लपलेला. काच लखलखीत करून मी दोनदा त्याच पुंजक्यावर नेऊन ठेवली होती. अल्कोहोलच्या काडीने बैठका, आटे, रिंगांच्या आतल्या कडा सगळं पुसा, काळा रंग निघणार नाही एवढ्या हलक्या हाताने.

पिशवी

तरीही एक गोष्ट राहिली होती. मामांच्या कॅमेऱ्याची चामडी पिशवी. मी प्रत्येक वेळी लेन्स साफ करून प्रेमाने त्याच पिशवीत घालत होते, आणि पिशवी पश्चिमेकडच्या भिंतीला लागून असलेल्या गोदरेज कपाटात. ती भिंत यवतेश्वरच्या डोंगराकडून येणारा सगळा पाऊस झेलते. चामडं पाणी धरून ठेवतं, आतलं अस्तर फ्लॅनेलचं, आणि शिवणीत बुरशी डोळ्यांना दिसत होती. लेन्सच्या मागच्या प्लास्टिकच्या झाकणातही होती. म्हणजे मी दरवर्षी लेन्स धुऊन पुसून बुरशीच्याच घरात झोपवत होते.

आता लेन्स स्वयंपाकघरात वापरतात तशा रबरी कडेच्या दहा लिटरच्या पारदर्शक डब्यात असते. आत पाव किलो नारिंगी सिलिका जेल सुती पुरचुंडीत, आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा चाळीस ते पन्नासच्या मध्ये हवा. तीसच्या खाली गेला तर ग्रीस सुकतं, म्हणून जेल ओतत सुटायचं नाही. नारिंगी जेल ओलाव्याने भरलं की हिरवं होतं. मी ते वेगळ्या ठेवलेल्या जुन्या कढईत मंद आचेवर परततो तसं फिरवते, पुन्हा नारिंगी होईपर्यंत, आणि पुरतं गार झाल्यावरच डब्यात घालते. निळं जेल मिळालं तर ते स्वयंपाकघरात तापवू नका, त्यात कोबाल्टचा क्षार असतो. गेल्या पावसाळ्यात मला साधारण तीन आठवड्यांनी हे करावं लागलं. खोलीतला काटा तेव्हा पंच्याऐंशीच्या खाली क्वचितच उतरत होता.

घरोघरी सांगितले जाणारे तीन उपाय करू नका. तांदळात ठेवणं: तांदूळ ओलावा फारसा ओढत नाही, आणि त्याची पिठूळ धूळ बुरशीला खाऊ. डांबराच्या गोळ्या किंवा कापूर: त्यांची वाफ गार काचेवर बसते. आणि गोधड्यांसारखं लेन्सला ऊन दाखवणं: काचेतून जाताना बुरशी मारणारे किरण बहुतांश अडतात, ऊन आत पोचतं ते नुसतं उष्णता म्हणून, आणि ग्रीस मात्र पातळ होतं. शिवाय झाकणाशिवाय उन्हात ठेवलेली लेन्स खालच्या कापडाला भोक पाडू शकते.

कास पठारावर जाणाऱ्यांसाठी एक. गाडीत एसी लावून घाट चढलात आणि वर धुक्यात लगेच बॅग उघडलीत, तर गार काचेवर बाहेरच्या ओल्या हवेचं दव धरतं, आतल्या बाजूलाही. लेन्स प्लास्टिकच्या बंद पिशवीत वीस मिनिटं बाहेर राहू द्या, मग काढा. घरी परतल्यावर ती थेट डब्यात न घालता आधी पंख्याखाली कोरडी करा.

सप्टेंबर २०२५ मध्ये सोनकी फुलली तेव्हा ही लेन्स मी तिथे नेली. अर्ध्या मीटरवरून फोकस होते, म्हणून एकेक फूल जवळून टिपता आलं, आणि मागचं पिवळं पठार गरगर फिरलेलं. मामांना फोटो पाठवले. त्यांनी आधी पिशवीची चौकशी केली. पिशवी अल्कोहोलने पुसून, वाळवून, दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात रिकामी ठेवली आहे, लेन्सपासून दोन खोल्या लांब.

नागपंचमीला, गौरी विसर्जनानंतर आणि कोजागरीला असा तीनदा टॉर्च मारला. आठही बाजू स्वच्छ, सहावीवरचा जुना ठसा तेवढा आहे. पात्या कोरड्या आहेत. फोकसची रिंग मात्र थंडीच्या सकाळी जड फिरायला लागली आहे, म्हणजे जुनं ग्रीस बदलायला झालं. या जानेवारीत तेच काम हातात घेणार आहे. फोकसच्या आट्यांना एकाहून जास्त तोंडं (आटा सुरू होण्याच्या जागा) असतात आणि दुसऱ्याच तोंडातून बसवल्या तर अनंतावर, म्हणजे अगदी लांबच्या दृश्यावर, फोकस होत नाही, त्यामुळे आटे सुटतात त्या जागी फोकसच्या दोन्ही नळ्यांवर सुईने खूण करून मगच त्या वेगळ्या करेन.